अंजिराचं गोणपाट

थंडी पडायच्या आधीचे तीन आठवडे लिफ्टकाका कुणाचे नसत. ना काकूंचे, ना लेकीचे. गल्ली मात्र त्या तीन आठवड्यांत पुरती त्यांची असे. कुणाच्या छपराची पन्हळ पानांनी तुंबलीय, कुणी कुंड्या अजून उघड्यावर ठेवल्यात, कुणाच्या खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी मारतोय, हे त्या घरमालकाच्या आधी काकांना कळायचं. न विचारता सल्ला देणारी माणसं सगळीकडे असतात. काकांचं वेगळेपण इतकंच, की ते सल्ला देऊन थांबत नसत. चार दिवसांनी येऊन तपासून जात.

तपासणं त्यांच्या हाडामांसात भिनलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल केली होती. लिफ्टच्या डोक्यावर गच्चीलगत एक खोली असते, तिथे मोटर असते आणि मोटरीशेजारी भिंतीला एक कार्ड टांगलेलं असतं. काय तपासलं, कधी तपासलं आणि पुढे तपासणाऱ्याची सही. त्या धंद्यात काकांच्या मते पाप एकच होतं, न बघता केलेली सही. त्यांच्या हाताखालच्या एकाने एकदा ब्रेक उघडूनही न पाहता सही ठोकली होती. कुणाला काही झालं नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आतले चौघे तासभर एकमेकांची तोंडं बघत बसले, एवढंच. पण काकांनी निवृत्त होईपर्यंत त्या माणसाबरोबर चहा घेतला नाही.

निवृत्तीनंतर असलंच एक कार्ड स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लागलं. त्यावर थंडीच्या तयारीची एकोणीस कामं होती. पन्हळ साफ करणे. धुराडं झाडणे. खिडक्यांच्या फटींना दाबलेल्या लोकरीच्या पट्ट्या लावणे. डेलियाचे कंद उकरून वाळूच्या खोक्यात ठेवणे. बागेतल्या नळाचा पाइप रिकामा करणे. आणि अकराव्या नंबरला अंजिराला गोणपाट बांधणे. प्रत्येक कामापुढे तारीख आणि सही. घरात सही बघणारं दुसरं कोण होतं म्हणा. पण काका दर वेळी पेन झटकून, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून सही करत.

यंदा त्यांना एक नवी शिष्या मिळाली होती. शेजारचं घर वर्षापूर्वी एका नर्सबाईने घेतलं होतं. आयुष्यभर वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलेली बाई, बाग म्हणजे काय भानगड असते ते तिला ठाऊक नव्हतं. काकांनी कुंपणावर कोपर टेकून तिला नळाचा धडा दिला.

"नुसता नळ बंद करून भागत नाही बाई. पाइपात राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप उभा चिरतो. आधी घरातला कॉक बंद करायचा. मग बाहेरचा नळ उघडा सोडायचा. सगळं पाणी निघून गेलं की तसाच उघडा ठेवायचा, थंडी सरेपर्यंत."

"उघडा? मला वाटलं, घट्ट बंद करायचा असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणून तर प्लंबरची पोरं शिकून मोठी होतात."

नर्सबाई हसली आणि तिने हातावरच पेनाने लिहून घेतलं. काका खूश झाले. लिहून घेणारं माणूस त्यांना फार आवडायचं.

त्याच दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांनी अंजिराला गोणपाट बांधलं. हे झाड म्हणजे काकूंचं लाडकं. काकू पोस्टात पार्सलच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं होत्या. निवृत्तीच्या दिवशी एका गिऱ्हाइकाने ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणून दिली होती, तिचं आता काकांच्या डोक्याच्या वर गेलेलं झाड झालं होतं. थंडीने त्याचे शेंडे जळू नयेत म्हणून काका आधी फांद्या हळूच गोळा करून बांधायचे, आत वाळका पाला भरायचा, वरून गोणपाटाचे दोन वेढे आणि सुतळीच्या सहा गाठी. काम झालं, आत येऊन सही झाली.

मंगळवारी दुपारी तीन वाजता ते नेहमीप्रमाणे वाचनालयात गेले. तीन ते पाच वर्तमानपत्रं वाचायची आणि वाचलेल्यावर भांडायचं हा त्यांचा नेम होता. पाच वाजता परत येऊन त्यांनी फाटक लोटलं आणि तिथेच थबकले. अंजीर उघडं होतं. गोणपाट चौपदरी घडी घालून पायरीवर ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर सुतळीच्या सहा लड्या होत्या, दोन बोटांवर उलटसुलट फिरवून मधे आवळलेल्या, सगळ्या एका मापाच्या.

काकांनी झाडाभोवती एक फेरी मारली. मग आत जाऊन त्यांनी स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि कार्ड पाहिलं. अकरा नंबर, अंजीर, सोमवारची तारीख, सही. शेपटासकट.

'म्हणजे मी बांधायला घेतलं, घडी घालून ठेवलं आणि सही करून मोकळा झालो?'  बांधल्याचं तर चक्क आठवत होतं. पाल्यात एक गोगलगाय निघाली होती, ती त्यांनी उचलून कुंपणापलीकडे ठेवली होती. गोगलगाय आठवते आणि गोणपाट पायरीवर, याचा अर्थ काय लावायचा?

स्वयंपाकघरात काकू चहा गाळत होत्या. "आलात? आज बागेत बरंच काम उरकलं," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, ही टोमणा मारतेय. ते चहा पिऊन निमूटपणे बाहेर गेले आणि अंधार पडायच्या आत अंजीर पुन्हा बांधलं. या वेळी प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ मारली.

बुधवारी झाड शाबूत होतं, पण गुरुवारी डेलियाचा घोळ झाला. काकांनी सकाळी कंद उकरले होते, माती झटकून, वाळवून, वाळूच्या खोक्यात नीट निजवून ठेवले होते. संध्याकाळी खोकं रिकामं. कंद परत वाफ्यात, वर माती थोपटलेली आणि झारीने पाणीसुद्धा घातलेलं! चोर कंद नेतो, हे समजू शकतं. कंद लावून, पाणी घालून जाणारा चोर कुणी ऐकला आहे? शुक्रवारी बागेचा नळ. आतला कॉक त्यांनी स्वतः बंद केला होता, बाहेरचा नळ उघडा सोडला होता, पाइप खडखडीत झाल्याची खात्री करून सही केली होती. संध्याकाळी आतला कॉक उघडा, बाहेरचा नळ बंद आणि पाइप पाण्याने टम्म भरलेला.

आता काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्यांना त्यांचे दादा आठवले.

थोरले दादा म्हणजे एके काळी गणिताचे मास्तर. पण शेवटच्या चार वर्षांत माणूस डोळ्यांदेखत पुसला गेला. सुरुवात अशीच झाली होती. एकावर एक दोन शर्ट घालायचे. चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि घरभर चोर शोधायचे. शेवटी शेवटी काका भेटायला गेले की दादा उठून उभे राहायचे आणि अदबीने विचारायचे, "आपण कोण? लिफ्ट बिघडलीय का?" धंदा आठवत होता, भाऊ आठवत नव्हता. त्या भेटीनंतर काका स्टँडवर बसून रडले होते आणि तेव्हापासून एकच भीती मनात धरून होते, की हे आपल्यालाही गाठणार. एकाच आईच्या पोटचे आपण.

दुसऱ्या कुणावर संशय घ्यावा तर घरात होतं कोण? काकू. आणि काकूंवर संशय घेणं म्हणजे घड्याळाने भिंतीवर संशय घेण्यापैकी होतं. घराची सगळी आठवण काकूंच्याच ताब्यात होती. कोणत्या गावाचा पोस्टाचा नंबर काय, कोणाच्या नातवाचा वाढदिवस कधी, ट्रंकेची किल्ली कुठल्या डब्याखाली, सगळं तोंडपाठ. काकांना स्वतःच्या लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागायची, आणि ती सांगताना त्या जो चेहरा करायच्या त्यासाठी ते कधी कधी मुद्दाम विचारायचे. अशा बाईला जाऊन काय सांगायचं? की माझं डोकं सुटायला लागलंय, आता तूच बघ? त्यांची हिंमत होईना. ते लपवायला लागले.

लपवण्याच्या नादात घोळ आणखी वाढला. शनिवारी सकाळी चांगलाच गारठा होता आणि काकांचा तपकिरी स्वेटर सापडेना. खुंटीवर नाही, कपाटात नाही, खाटेखाली नाही.

"काय शोधताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पेन."

"पेन खाटेखाली?"

"घरंगळलं असेल."

पेन त्यांच्या खिशात दिसत होतं. काकूंनी खिशाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि डोक्यावरून हात फिरवावा तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "असू दे. सापडेल." तो आवाज काकांना फार लागला. हिला कळलंय, त्यांच्या मनात आलं. दुपारी ट्रंक उघडली तर स्वेटर तळाशी, डांबराच्या गोळ्यांत, घडी घालून. चष्मा पिठात आणि स्वेटर ट्रंकेत. काका ट्रंकेशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांना उठावंसं वाटेना.

पण चौतीस वर्षांचा मेकॅनिक असा हातपाय गाळून किती वेळ बसणार? रविवारी त्यांनी आपल्या जुन्या धंद्याची युक्ती काढली. लिफ्ट दुरुस्तीला घेतली की बटणावर लाल पाटी लावायची पद्धत असते, 'चालू करू नये'. तसली एक पाटी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत होती. पाइप पुन्हा रिकामा करून त्यांनी ती तारेने कॉकला बांधली. अंजिराला निरगाठी मारल्या आणि प्रत्येक गाठ पकडीने ओढून दगडासारखी केली. आता हे सोडायचं तर माणसाला बसून घाम गाळावा लागेल, आणि घाम गाळलेला तरी लक्षात राहीलच की. संध्याकाळी ते जवळजवळ धावतच घरी आले. अंजीर उघडं. सहा लड्या पायरीवर. कॉक चालू. आणि लाल पाटी? ती पेटीत होती. डाव्या कप्प्यात, पान्यांच्या खाली, तिच्या नेहमीच्या जागी. ती जागा गल्लीत कुणाला माहीत असणार?

त्यांनी तळहात उजेडात धरून पाहिले. सुतळीचा एखादा व्रण, एखादं कुसळ. काही नव्हतं. गाठी सोडल्या मी, मग माझ्या बोटांना कसं काही नाही? आणि मी सोडल्या नाहीत, तर पाटी पेटीत कशी? डोक्याचा नुसता भुगा झाला.

कुंपणापलीकडे नर्सबाई कपडे वाळत घालत होती. काका अगदी सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "काय हो, दुपारच्या वेळी आमच्या बागेत कुणी दिसलं का?"

"मी रात्रपाळीला आहे काका, दुपारी मेल्यासारखी झोपते. का हो?"

"काही नाही. मांजर असेल."

"बरं, तो नळ. आतला बंद, बाहेरचा उघडा, बरोबर ना?"

 आयुष्यात पहिल्यांदा काकांना आपल्याच सल्ल्याची खात्री वाटेना. "एकदा प्लंबरला विचारून घ्या," ते म्हणाले आणि मान खाली घालून आत गेले. नर्सबाई ओला टॉवेल हातात धरून बघतच राहिली. लिफ्टकाका सल्ला द्यायला नाही म्हणाले, ही गल्लीतली बातमीच होती.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी भाकरी मोडताना डावा हात वापरला. उजव्या तर्जनीला चिंधी होती.

"हे काय झालं?"

"नख मोडलं. कामात लागतंच की हो."

काकांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष कुठे होतं? ते मनातल्या मनात लेकीला फोन करत होते. काय सांगायचं तेही जुळवत होते. 'तुझी आई एकटी मला सांभाळू शकणार नाही. मला कुठेतरी ठेवा.' शब्द जुळत होते, फोन उचलवत नव्हता. आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घेऊ, त्यांनी ठरवलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी अंजीर पुन्हा निरगाठींनी बांधलं. मग ते वाचनालयाच्या नावाखाली तीन वाजता दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, पण घाई न करणारे. त्यांनी आज वार कोणता विचारला, तारीख विचारली, छत्री, घोडा आणि चमचा असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि म्हणाले, "शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट..." डॉक्टर 'पुरे' म्हणत होते, पण काका कुणाचं ऐकतात? ते कपाळाला आठ्या घालून थेट खालपर्यंत गेले. "सोळा. नऊ. दोन. पुढे शून्याखाली जायचं का?"

"नको, नको. ते तीन शब्द सांगा."

"छत्री, घोडा, चमचा. घोड्याला छत्री कशाला, हे मात्र कळलं नाही."

डॉक्टर हसले. "काका, तुमचं डोकं ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा बरं आहे."

"मग गाठी कोण सोडतं?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घरी आणखी कोण असतं?"

"बायको. तिचं काही नाही. ती आहे म्हणून तर घर उभं आहे."

"बरं. पुढच्या खेपेला दोघं मिळून या," डॉक्टर म्हणाले. काकांना ते साधं अगत्य वाटलं.

ते बाहेर आले तेव्हा जेमतेम पावणेचार झाले होते. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. डोकं ठणठणीत असेल तर मग बागेत चाललंय काय? वाचनालयात जाऊन भांडायची इच्छा नव्हती म्हणून ते सरळ घरी आले. फाटकाची कडी काढताना त्यांना अंजिरापाशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं.

काकू होत्या. मांडीवर गोणपाटाचं टोक होतं आणि विणायच्या सुईने त्या निरगाठ उकरत होत्या. तीन गाठी सुटलेल्या होत्या. सुटलेली सुतळी त्यांनी दोन बोटांवर उलटसुलट फिरवली, मधे आवळली आणि लडी पायरीवर ठेवली. पार्सलच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं ठेवली तशी.

"अगं, तू?" काका ओरडलेच.

"मग आणखी कोण येणार आहे?" काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बरं झालं लवकर आलात. ही सोडा आधी. गाठी मारता की वेल्डिंग करता?"

काका मटकन पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते बाहीने पुसलं, आणि परत हसायला लागले. दहा दिवस छातीवर ठेवलेलं वजन कुणीतरी उचलून कुंपणापलीकडे टाकलं होतं. "अगं बाई, मला वाटलं माझंच डोकं चाललं. दादांसारखं."

"तुमचं कुठे चाललंय? जायचं तर माझं जाईल, तुमच्यापायी."

"पण सोडतेस कशाला ते तरी सांगशील?"

"आता किती दिवस कोंडून ठेवायचं झाडाला? थंडी सरली. ऊन लागू दे जरा. डेलिया लावून टाकले, तुमचा स्वेटर गोळ्या घालून आत ठेवला. आणि तुम्ही आपले परत परत उपटता, परत परत बांधता. मी म्हटलं, असू दे, विसरत असतील. बोलून कशाला दुखवायचं? आपणच गुपचूप करून टाकावं."

काका अजून हसतच होते. "थंडी सरली काय! परवा शनिवारी पारा शून्याखाली जाणार आहे."

"पुरे झाली चेष्टा. मागच्या महिन्यात नळ गोठला तेव्हा केटलीने गरम पाणी कोण ओतत होतं? शेजारचे आजोबा काठी टेकत बघायला आले होते, ते तुम्हाला म्हणाले नाहीत का, पाइपाला चहा पाजताय काय म्हणून?"

काकांचं हसू मधेच थांबलं. नळ गोठला होता, खरं आहे. केटलीही खरी. आजोबांचं ते बोलणंही अक्षरन् अक्षर खरं होतं. पण त्याला तीन वर्षं झाली होती. ते आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांच्याच घरात आता नर्सबाई राहत होती. आणि पाइप रिकामा करायचं काम कार्डावर चढलं ते त्या गोठण्यामुळेच.

वाऱ्याने अंजिराचं एक पिवळं पान काकूंच्या खांद्यावर पडलं. काकांनी ते उचललं. मेकॅनिक माणूस, बिघाड दिसला की बोट ठेवून दाखवायची सवय. "हे बघ," ते म्हणाले, "पानं गळतायत. आता सुरू व्हायचीय थंडी."

काकूंनी पान हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग वर झाडाकडे पाहिलं. निम्मं झाड रिकामं होतं, आणि नवा कोंब एकही नव्हता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुंपणालगतचा पिवळा पाला, पायरीवरच्या लड्या, स्वतःच्या बोटावरची चिंधी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. 

"अहो," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मग आत्ता काय चाललंय?"

ही भीती काकांच्या ओळखीची होती. दहा दिवस दाढीच्या आरशात त्यांनी तीच पाहिली होती. पण ती त्यांची होती तोवर एक वेळ सोसवत होती. ती या चेहऱ्यावर बघणं त्यांच्याने होईना. घडीभरापूर्वी जे वजन गेलं म्हणून ते हसले होते, ते परत मिळालं तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं असतं. त्यांचंच डोकं गेलेलं असतं तर किती बरं झालं असतं.

चौतीस वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट काकांनी तेव्हा केली. खोटी सही. आणि ती सगळं नीट बघून केली.

त्यांनी काकूंच्या हातातलं पान काढून घेतलं आणि खिशात टाकलं. "तुझंच बरोबर आहे," ते म्हणाले. "थंडी सरली. मीच विसरलो."

 काकूंनी मोठा श्वास सोडला आणि काकांच्या विरळ केसांवरून हात फिरवला. "म्हटलंच मी. घाबरवलंत की हो मला. वय झालं तुमचं, दुसरं काय."

"झालं खरं. परवा डॉक्टरकडे जायचंय मला. डोकं दाखवायला. तू बरोबर चल. तिथे काही विचारलं तर मला सुचत नाही."

"येईन की. तुम्हाला एकट्याला सोडते होय?"

उरलेल्या तीन गाठी काकांनी पकडीने सोडल्या. काकूंनी लड्या केल्या, गोणपाटाची घडी घातली, आणि दोघं चहा प्यायला आत गेले.

त्या संध्याकाळी काकू रेडिओ ऐकत बसल्यावर काकांनी पाइप रिकामा केला, आतल्या कॉकचं चाक पान्याने काढलं आणि खिशात ठेवलं. पाइप फुटला तर घरभर पाणी, तिथे लाड चालणार नव्हते. डेलियाचे कंद उकरले, खोकं उचलून नर्सबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "वसंतापर्यंत सांभाळा," ते म्हणाले. "आणि नळाचं बरोबर होतं तुमचं. आतला बंद, बाहेरचा उघडा." नर्सबाई काही विचारणार होती, पण काकांचा चेहरा पाहून तिने नुसतं खोकं आत घेतलं. लेकीला फोन त्यांनी त्याच रात्री केला. जुळवलेले शब्द आता उपयोगाचे नव्हते, म्हणून बराच वेळ ते काही बोललेच नाहीत आणि पलीकडून लेक 'बाबा, बाबा' करत राहिली.

मग उरलं अंजीर. ते काकूंचं होतं, ते कुणाकडे नेता येत नव्हतं आणि त्यापासून काकूंना दूर ठेवायचा विचारही काकांना करवत नव्हता. रात्र थंड असते, दुपार तेवढी नसते. दुपारचे दोन तास झाड उघडं राहिलं तर मरत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कार्डावर अकरा नंबरपुढची सही खोडली आणि नवं लिहिलं. 'दुपारी सोडणे. संध्याकाळी बांधणे. रोज.' पुढे सहीसाठी जागाच उरली नाही.

त्याच रात्री बाहेर जाऊन गोणपाटाचा शेवटचा वेढा देताना सवयीने त्यांच्या हातून निरगाठ पडली. ती त्यांनी उकलली आणि तिथे सुरगाठ मारली. सुतळीचं टोक चांगलं वीतभर लांब सोडलं, काकूंचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. तशाच सहाही.

शुक्रवारी तीन वाजता ते वाचनालयात गेले नाहीत. पायरीवर बसून राहिले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, आभाळाकडे बघून म्हणाल्या, "छान ऊन पडलंय," आणि त्यांनी पहिल्या गाठीचं टोक धरून ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली.

"बघा," काकू काकांकडे वळून म्हणाल्या, "नीट बांधली की कशी सुटते."